अंड्यांवरील मासळी : धरावी की सोडावी?

मृग नक्षत्राच्या पहिल्या दमदार पावसाने वऱ्हाडातील नाले वाहू लागले, की पूर्णा, काटेपूर्णा, पेढी आणि वर्धा या नद्यांतील मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. उथळ पाण्यात ते सहज हाती लागत असल्याने अमरावती व अकोला जिल्ह्यांतील हौशी गळकरी या चढणीच्या मासळीची वाट पाहत असतात. परंतु माशांची ही चढण असते ती अंडी घालण्यासाठी. गळाला लागलेल्या मादीचे पोट अंड्यांनी भरलेले असेल तर तिला पाण्यात परत सोडावे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे सुमारे २ लाख अंडी असतात. त्यांतून मोठे होणारे मासे मोजकेच. मग एक मादी सोडल्याने असा काय फरक पडणार? या आक्षेपाचे उत्तर पाणी कोणते आणि मासा कोणता, यावर अवलंबून आहे.

पाणी कोणते, मासा कोणता?

रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात उत्तर भारतातील मोठ्या नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज गावतलावांत सोडली जाणारी बोटुकली प्रामुख्याने अशा केंद्रांतून येते. म्हणून नदीनाल्याशी संबंध नसलेल्या तलावात रोहूची मादी सोडली, तरी त्यापासून नवे बीज मिळत नाही. न घातलेली अंडी तिच्या शरीरातच जिरतात.

मरळ, शिंगटी यांसारख्या स्थानिक माशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पुढच्या पिढीची भिस्त मुख्यतः नदी, नाले व पाणथळ जागा यांवरच असते. मोर्शी तालुक्यातील ऊर्ध्व वर्धा किंवा महान येथील काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांना येऊन मिळणाऱ्या प्रवाहांचे महत्त्वही यातच आहे. अशा पाण्यात अंड्यांवरील मादी सोडणे निश्चितच हिताचे होय. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडीही अधिक. म्हणून मोठी मादी आधी सोडावी.

मरळीच्या बाबतीत तर अंडी घातल्यानंतरही जपणूक हवी. मरळीची जोडी पिलांची राखण करते. लालसर पिलांचा थवा पृष्ठभागावर दिसला की खाली मोठी मरळ आहे हे जाणकार ओळखतात व तेथेच गळ टाकतात. राखणदार गेला की पिले इतर माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडी पडतात.

सोडण्याची रीत

मासा सोडला म्हणजे तो जगलाच, असे नाही. कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. म्हणून हात ओले करावेत. त्याला दोरीला लटकवू नये, पोट दाबू नये, शक्यतो पाण्याबाहेर काढू नये. गळ खोल रुतला असल्यास ओढाताण न करता दोरी कापावी. मासा स्वतःहून पोहू लागेपर्यंत त्याला पाण्यात आधार द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे चढणीच्या दिवसांत त्या नाल्यावर गळ न टाकणे.

कायदा आणि चूल

१८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली, तसेच ठरावीक पाण्यात मासेमारी बंद ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. १९६० मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय अधिनियम झाला. राज्याच्या सागरकिनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पूर्णेचा उगम ज्या मध्य प्रदेशात आहे, तेथे नद्या व जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद ऋतू पाळला जातो.

तथापि हौशी गळकरी आणि भोई-ढिवर कुटुंबे यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. एकाने मासा सोडला तर त्याची करमणूक कमी होते. दुसऱ्याने सोडला तर त्या दिवशीची चूल अडते. हे ध्यानी घेऊनच २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मच्छीमार कुटुंबांना साहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यागाचा पहिला वाटा हौशी गळकऱ्याने उचलणे, हेच उचित ठरेल.

ग्रामपंचायतींना यात बरेच करता येण्याजोगे आहे. आपल्या शिवारातील कोणत्या नाल्यातून मासळी वर चढते, हे गावातील मच्छीमारांना विचारून घ्यावे. त्यांच्या संमतीने पावसाळ्याचे पहिले दोन महिने त्या नाल्यात आडवे जाळे किंवा बांबूचा बांध न घालण्याचे ठरवावे. शिक्षकांनी मरळीच्या पिलांचा थवा विद्यार्थ्यांना काठावरून दाखवावा. एका गळकऱ्याने सोडलेली मादी वरच्या पाण्यापर्यंत पोहोचावयाची, तर पुढची वाट मोकळी असली पाहिजे. आणि ती मोकळी ठेवणे सर्व गावाच्या हाती आहे.