चौकट : प्रांत आपला, क्रम पॅरिसचा नव्हे

पाश्चात्त्य चित्रकलेचा इतिहास पुस्तकांत जिन्यासारखा चढत जातो: अकादमिक वास्तववाद, १८७४ च्या पॅरिस प्रदर्शनातून पुढे आलेला दृक्प्रत्ययवाद, मग सेझान, घनवाद, अमूर्त. आपल्याकडे, म्हणजे त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, तो या क्रमाने आलाच नाही. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि अमरावती-अकोल्याचा कारभार नागपूरहून चालू लागला. याच प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकून मुंबईला गेले. दुसरे चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ चे, नागपूरचे; अर्थात ते केवळ जन्मगाव, वाढले ते मुंबईच्या गिरगावात. दोघांपुढे युरोपातली पाऊणशे वर्षांची उलथापालथ एकदमच उलगडली, त्यामुळे हवे ते आधी उचलण्याची मोकळीक मिळाली. १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी सुचवले म्हणून रझा सेझानकडे वळले आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. गायतोंडे लघुचित्रांच्या अभ्यासातून चित्रकार पॉल क्लेपाशी पोचले.

ही निव्वळ उसनवारी, असा आक्षेप नेहमीचा आहे, आणि सुरुवातीच्या चित्रांपुरता तो खोटाही नाही. पण नक्कल करणारा मूळ चित्राजवळच थांबतो. रझा फ्रान्समध्ये अनेक दशके राहून बिंदू या भारतीय प्रतीकाकडे आले. गायतोंडे यांनी तर ‘अमूर्त’ हे लेबलच नाकारले. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत त्यांनी घडवलेली चित्रे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात स्वतंत्र प्रदर्शनात मांडली गेली.