इंजिनातील गाळ : देखभालीचे अर्थकारण

भांडवली साधनांचा घसारा केवळ कालौघात होत नाही. देखभालीच्या अभावी तो अधिक वेगाने होतो. ट्रक, ट्रॅक्टर वा रिक्षा हेच ज्या कुटुंबाचे एकमेव उत्पादक भांडवल असते, त्याच्या दृष्टीने इंजिनात साचणारा गाळ हा उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

गाळ कसा तयार होतो?

इंजिन ऑइल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी स्वतःत तरंगती ठेवते. उच्च तापमानात ऑक्सिजनशी संयोग होऊन ते दाट होते. सिलिंडरमधून निसटलेले वायू, पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधनही त्यात मिसळते. ऑइलमधील स्वच्छताकारक रसायने क्षीण झाली, की या सर्वांचा काळा, चिकट गाळ बनतो. कमी अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, पाणी उडून जात नाही आणि ही प्रक्रिया बळावते.

गाळामुळे ऑइल पंपाची जाळी व अरुंद मार्ग तुंबतात, बेअरिंग कोरडी पडतात आणि अखेर इंजिन जाम होते. म्हणून ऑइलच्या दाबाचा इशारादर्शक दिवा लागताच इंजिन बंद करणे आवश्यक असते.

प्रतिबंधाचे उपाय

योग्य दर्जाचे ऑइल वापरणे आणि ते फिल्टरसह मुदतीत बदलणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. जुना गाळ तीव्र रसायनाने एकाएकी सुटल्यास त्याचे तुकडेच जाळी बंद करू शकतात. अशा वेळी ऑइल चेंबर उतरवून सफाई करणे अधिक सुरक्षित असते.

धोरणात्मक बाजू

इंधनातील गंधकापासून आम्ले तयार होतात आणि ती निष्प्रभ करण्यात ऑइलमधील रसायने खर्ची पडतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आणली. तिचा लाभ हवेबरोबर इंजिनालाही होतो.

काढलेले ऑइल हा घातक कचरा आहे. तो गटारात सोडल्यास वाहनधारकाचा खर्च वाचतो, पण त्याची किंमत समाजाला मोजावी लागते. या बाह्य परिणामावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये अधिसूचित केलेली विस्तारित उत्पादक जबाबदारीची व्यवस्था १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. पहिल्या वर्षी पुनर्चक्रणाचे लक्ष्य ५ टक्के असून ते टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत वाढणार आहे. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग आयात करणाऱ्या देशासाठी वापरलेले ऑइलही संपत्तीच आहे. मात्र ते गोळा करणाऱ्या असंघटित क्षेत्राला सामावून घेतल्याखेरीज हे लक्ष्य गाठणे कठीण आहे.