ऐंशीच्या दशकातला मेटल गिटारचा आवाज: तो नेमका कुठे फाटतो?

मोबाईलमध्ये गिटार अ‍ॅम्पचं अ‍ॅप टाकलं, प्रीसेटच्या यादीत '८० मेटल' सापडलं, केबल जोडली आणि पहिली पॉवर कॉर्ड मारली. हेडफोनमधून आलं काय, तर बाटलीत कोंडलेल्या माशीची गुणगुण. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा हा अनुभव असेल. मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात: गेनचा नॉब आणखी वर. गुणगुण वाढते, रिफ आणखी पातळ होतो.

गंमत अशी, की १९८०च्या दशकातल्या रेकॉर्डवर गेन आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. तो आवाज जड वाटतो याची कारणं वेगळी आहेत. मराठीत आपण म्हणतो ना, 'भोंग्याचा आवाज फाटतोय'? डिस्टॉर्शन म्हणजे तेच. आवाज कुठे फाडायचा आणि फाडायच्या आधी त्यातलं काय काढून घ्यायचं, सगळा खेळ यावर आहे. हे नीट कळलं तर जुना महागडा अ‍ॅम्प विकत न घेताही तुम्ही त्या आवाजाच्या बरेच जवळ जाता.

फाटतं म्हणजे काय होतं?

जुन्या घरात कुणाकडे व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला असेल, तर आत तापून लालसर दिसणाऱ्या काचेच्या नळ्या आठवा. गिटार अ‍ॅम्पमध्ये त्याच जातीच्या नळ्या असतात. गिटारचा बारीक सिग्नल त्या मोठा करतात. पण प्रत्येक नळीची एक कमाल उंची असते. सिग्नल त्याहून मोठा आला की लाटेचा माथा कापला जातो. माथा कापला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर तयार होतात, आणि त्यालाच आपण 'कडक साऊंड' म्हणतो.

आता खरा मुद्दा. दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही निघतात. गिटारची सर्वात जाड तार, खालचा ई, साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. पॉवर कॉर्डमध्ये तिच्या सोबतीला बी येतो, साधारण १२३ हर्ट्झ. वजाबाकी करा: ४१. म्हणजे बरोबर त्याच ई सुराचं एक सप्तक खाली! गिटारने न वाजवलेला खालचा सूर अ‍ॅम्पने स्वतः बनवून दिला. मेटलवाले दिवसरात्र पॉवर कॉर्डच का वाजवतात, त्याचं हे एक मोठं कारण. तीच जागा पूर्ण मेजर कॉर्डला द्या, तर असे वजाबाकीचे सूर एकमेकांत अडकतात आणि चिखल होतो. खालचे सूर जितके जास्त घालाल, तितका चिखलही जास्त.

मार्शल: एक टप्पा जास्त

लंडनच्या हॅनवेलमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६०च्या दशकात अ‍ॅम्प बनवायला सुरुवात केली. त्यांचा १०० वॅटचा सुपर लीड जबरदस्त होता, पण त्याला मास्टर व्हॉल्यूम नव्हता. आवाज फाडायचा तर अ‍ॅम्प कान फुटेपर्यंत वाढवायचा, दुसरा उपाय नाही. १९७५मध्ये २२०३ हे मॉडेल आलं. त्यात गेन वेगळा आणि मास्टर वेगळा, शिवाय सिग्नल वाढवणारा एक टप्पा जास्त. १९८१पासून हाच अ‍ॅम्प जेसीएम ८०० या नावाने नव्या पेटीत विकला जाऊ लागला. जेसीएम म्हणजे जेम्स चार्ल्स मार्शल. ८०० हा आकडा त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवरून घेतलेला, यात तांत्रिक असं काही नाही.

या अ‍ॅम्पबद्दल एक गोष्ट ऐकून लोक चकित होतात: आजच्या मेटल अ‍ॅम्पच्या तुलनेत तो सौम्य आहे. मी एका मित्राच्या जेसीएम ८००वर पहिल्यांदा गिटार लावली तेव्हा गेन दहावर होता, तरी नुसत्या अ‍ॅम्पमधून आला तो कडक रॉक, थ्रॅश नाही. म्हणून अ‍ॅम्पच्या पुढे पेडल लावायची पद्धत पडली. रँडी रोड्स मार्शलच्या आधी एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस वापरायचे. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, टोनी आयोमी लेनी अ‍ॅम्पपुढे ट्रेबल बूस्टर लावत होते.

यातलं सगळ्यात शिकवणारं पेडल म्हणजे आयबनीझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर. त्याचं नाव ऐकून लोक ड्राइव्ह वाढवतात. मेटलसाठी उलटं करतात: ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल पूर्ण. कारण या पेडलचं मोठं काम फाडणं नाही, छाटणं आहे. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर ते मागे ठेवतं आणि मधला भाग पुढे करतं. म्हणजे नळ्यांपर्यंत पोहोचतो तो हलका केलेला, पण जोरात ढकललेला सिग्नल. चिखल होण्याआधीच माती बाजूला! पाम म्यूट केल्यावर जो 'चग-चग' ठोका येतो, तो यातून येतो.

मेसा बूगी: आधी काढा, मग घाला

कॅलिफोर्नियातल्या मेसा बूगीने हेच काम अ‍ॅम्पच्या आतच केलं. मार्शलमध्ये बास-मिडल-ट्रेबलचे नॉब प्रीअ‍ॅम्पच्या नळ्यांनंतर येतात. मेसाच्या मार्क मालिकेत ते बऱ्याचशा गेनच्या आधी येतात. त्यामुळे तिथे बासचा नॉब एक-दोनच्या वर नेला की आवाज पसरतो. वाजवणारे तो जवळजवळ बंद ठेवतात आणि आवाज फाटून झाल्यावर पुढच्या पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरवर ८० हर्ट्झची पट्टी वर करतात. बास परत आला, पण आता तो स्वच्छ आहे.

मेटालिकाचा १९८६चा 'मास्टर ऑफ पपेट्स' कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत रेकॉर्ड झाला. त्यात मार्क टू सी प्लसचा प्रीअ‍ॅम्प मार्शलच्या पॉवर सेक्शनला जोडला होता. त्या इक्वलायझरवर ७५० हर्ट्झची पट्टी खाली ओढून केलेला इंग्रजी 'व्ही'चा आकार फार प्रसिद्ध आहे. त्यामुळे 'मेटल म्हणजे मिड शून्य' असा समज पसरला. माझ्या मते तरुण गिटारवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजाने केलंय. ते मिड फाटल्यानंतर थोडे कमी केलेत, गिटारमधून काढून टाकलेले नाहीत. घरी एकट्याने वाजवताना मिड शून्य छान वाटतं. ड्रम आणि बास सुरू झाले की तुमची गिटार गायब.

जुनाच अ‍ॅम्प घ्यायचा असेल तर

आधी वॅटचं गणित. १०० वॅटचा अ‍ॅम्प ५० वॅटच्या दुप्पट मोठा ऐकू येत नाही, फरक फक्त ३ डेसिबलचा असतो. दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे फ्लॅटमध्ये ५० वॅटसुद्धा शेजाऱ्यांना दार वाजवायला पुरेसे आहेत.

आता हे मात्र लक्षपूर्वक वाचा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आत ४००-५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो. यूट्यूब बघून मागचं झाकण उघडू नका. या झटक्याने जीव जाऊ शकतो. व्हॉल्व्हचं काम करणारा कारागीर गाठा. दुसरं, स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू करून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तिसरं, अमेरिकेतून आलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा आणि जपानमधला १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे भिंतीत २३० आहेत. मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागला तर तो ऐसपैस घ्या, कारण १०० वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून त्याच्या दुपटीहून जास्त वीज ओढू शकतो.

व्होल्टेजशी खेळून 'तो' आवाज मिळतो, ही दंतकथा एडी व्हॅन हेलनपासून आली. सुरुवातीला त्यांनी व्होल्टेज वाढवतो असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते व्हॅरिअ‍ॅकने कमी करत होते. वाढवायच्या नादात अ‍ॅम्प जाळणारे झाले, तुम्ही त्यात भर घालू नका.

आता मोबाईलवर

गिटार थेट हेडफोनच्या जॅकमध्ये घालणारी स्वस्त केबल टाळा. गिटारच्या पिकअपला समोर साधारण १ मेगओहमचा इनपुट हवा असतो. मोबाईलचा माईक इनपुट काही किलोओहमचाच असतो, त्यामुळे वरचे सूर अ‍ॅपपर्यंत पोहोचतच नाहीत. छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, आणि त्यावर इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी असं बटण असेल तर ते दाबा. ब्लूटूथ हेडफोन या कामाला नकोतच. हवेत आवाज १० मिलिसेकंदात सुमारे ३.४ मीटर जातो, म्हणजे तेवढा उशीर हा स्टेजवर अ‍ॅम्पपासून चार पावलं लांब उभं राहण्यासारखा. तो चालतो. ब्लूटूथमध्ये उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातो. म्हणजे अ‍ॅम्प मैदानाच्या पलीकडे आणि तुम्ही अलीकडे.

अ‍ॅपमध्ये सगळ्यात आधी कॅबिनेटचा ब्लॉक शोधा, अ‍ॅम्पचा नंतर. माशीची गुणगुण बहुतेक वेळा इथूनच येते. त्या काळच्या रेकॉर्डवर अ‍ॅम्पचा आवाज थेट नाही, चार बारा-इंची सेलेशन स्पीकरच्या पेटीतून येऊन समोरच्या माईकने, बहुतेकदा शुअर एसएम५७ने, पकडलेला आहे. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. तो सगळा करकरीत भाग तिथेच अडतो. अ‍ॅपमध्ये हा स्पीकर-माईकचा ठसा 'आयआर' नावाच्या छोट्या ऑडिओ फाइलमध्ये असतो, आणि ती बदलता येते. मी जेसीएम ८००ची एकच सेटिंग ठेवून फक्त आयआर बदलून ऐकल्या, तेव्हा जितका फरक पडला तितका गेन चारवरून आठवर नेऊनही पडला नाही.

मग अ‍ॅम्पपुढे हिरवं पेडल: ड्राइव्ह शून्य, टोन मध्यावर, लेव्हल पूर्ण. अ‍ॅम्पवर गेन ५, बास ४, मिडल ७, ट्रेबल ६. एकट्याने ऐकताना हे थोडं कोरडं वाटेल. वाटू दे. आता तोच रिफ दोनदा रेकॉर्ड करा, पण कॉपी-पेस्ट न करता खरोखर दुसऱ्यांदा वाजवून. एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेळच्या हातातला बारीक फरक कानांच्या मधे ती रुंद भिंत उभी करतो. दोन्ही ट्रॅकवर गेन आणखी अर्ध्याने कमी करून पाहा. भिंत जाड होईल.