बॉनेटखालचा उन्हाळा

मस्कतमध्ये जूनच्या दुपारी कोणी हौसेने घराबाहेर पडत नाही. पण ऑफिस सुटलं की पडावंच लागतं. आम्ही आमिरातला राहतो, माझं ऑफिस बोशरला. मधे डोंगर. तो ओलांडणारा आमिरात-बोशर रस्ता इथल्या मराठी मंडळींच्या चांगला परिचयाचा आहे. खडा चढ, वळणं, आणि गुरुवारी ऑफिस सुटायच्या वेळी, म्हणजे आमचा वीकेंड सुरू होताना, मुंगीच्या पावलांनी सरकणारी गाड्यांची रांग.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी बायको आणि तीन वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होती. बाहेर 45 अंश. चढाच्या मध्यावर एसीतून गरम वारा यायला लागला. "एसी बंद केलास का?" बायकोने विचारलं. मी काहीच केलं नव्हतं. समोर बघितलं तर एरवी मध्यावर झोपलेला तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघालेला. बाजूला घ्यायला जागा नाही, मागून हॉर्न. अशा वेळी करायचा एक जुना उपाय आठवला: एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल्ल. हीटर म्हणजे गाडीतला छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. भर उन्हाळ्यात हीटर लावून बसलेलं आमचं कुटुंब बघून शेजारच्या गाडीवाल्याला काय वाटलं असेल देव जाणे.

पुढे थोडी रुंद जागा मिळाली तिथे गाडी कशीबशी लावली. मुलगी लालबुंद होऊन रडत होती आणि पाण्याची बाटली एकच. एक ओमानी गृहस्थ थांबले. काही न विचारता त्यांनी दोघींना स्वतःच्या गाडीत बसवलं, पाणी दिलं आणि आमची गाडी निवेपर्यंत पाऊण तास थांबले. त्या गडबडीत त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं, याची अजून चुटपुट आहे.

गाडी माझी जुनी, 2009ची जपानी फोर-व्हील. ओमान सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतलेली. दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एकजण म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाक, इकडे सगळे काढतात. दुसरा म्हणाला, बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घाल, मागून फट पडेल, गरम हवा निघून जाईल. तिसऱ्याने बॉनेटला जाळीच कापायला सांगितली. एका गॅरेजने मोठा रेडिएटर, नवा पंखा आणि मजुरी मिळून जो आकडा सांगितला त्यात मुलीची वर्षाची नर्सरीची फी निघाली असती. "विकून टाक," हा बायकोचा सल्ला. आणि तिचं चुकत नव्हतं.

रात्री साताऱ्याला फोन लावला. माझे वडील, अण्णा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पसरणी आणि खंबाटकी चढून उकळलेल्या गाड्या थंड करण्यात त्यांची नोकरी गेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, आधी काही कापू नकोस. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर जाते, तेवढं मला फोनवर दाखव."

मग शुक्रवारी सकाळी सहाला, उन्हं चढायच्या आधी, पार्किंगमध्ये व्हिडिओ कॉलवर आमची तपासणी सुरू झाली. "पंखा हाताने फिरव." इंजिन बंद होतं. पंखा जड फिरला, म्हणजे त्याचा क्लच ठीक. "आता खाली वाक. इंजिनाखालचा पत्रा दिसतोय का?" पत्रा नव्हताच. "रेडिएटरच्या कडेला रबर?" नव्हतं. "एक्झॉस्टवरचं कवच?" तेही नव्हतं, नुसते दोन गंजलेले बोल्ट. अण्णा हसले. "गाडीला ताप नाही आलाय. तिचे कपडे कोणीतरी काढून घेतलेत."

झालं होतं ते असं. चौदा-पंधरा वर्षांत वेगवेगळ्या गॅरेजमध्ये ऑइल बदलताना, एसी दुरुस्त करताना एकेक भाग निघाला आणि परत बसलाच नाही. खडखडतोय म्हणून एक काढला, क्लिप तुटली म्हणून दुसरा ठेवून दिला. गाडी चालते तर आहे, असं म्हणत सगळ्यांनी वेळ मारून नेली.

हे भाग इतके महत्त्वाचे का, ते तेव्हा कुठे मला नीट समजलं. आपण टाकलेल्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरच्या नळीतून बाहेर जाते आणि उरलेली रेडिएटरला काढावी लागते. ती काढायची तर हवा रेडिएटरच्या जाळीतूनच गेली पाहिजे. हवा मात्र आपल्यासारखीच आळशी. बाजूने फट दिसली की जाळीतून जायचं कशाला? शिवाय गाडी उभी असताना रेडिएटरमागची तापलेली हवा त्याच फटींतून फिरून परत पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो, म्हणून आधी तो हार मानतो. सिग्नलला एसी गरम आणि गाडी पळायला लागली की पुन्हा गार, असं होत असेल तर गॅस भरून घ्यायच्या आधी हवेची वाट तपासा.

मग एकेक काम काढलं. सगळ्यात आधी साफसफाई. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत वाळू, किडे, सुकलेली पानं आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा असा ऐवज निघाला. इंजिन पूर्ण गार असताना, हलक्या धारेने, आतून बाहेर पाणी मारायचं. जोराच्या प्रेशरने जाळीच्या पातळ पात्या दुमडतात.

दुसरं काम फटींचं. एसीच्या डक्टला लावतात ती काळी, चिकटणारी रबरी फोमशीट आखातात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्या पट्ट्या कापून रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली लावल्या. एक्झॉस्टपासून लांब, एवढं पथ्य पाळलं. इतक्या साध्या कामाने एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

तिसरं, इंजिनाखालचा पत्रा. वादी कबीरच्या जुन्या पार्टांच्या दुकानात तो मिळाला. मला वाटायचं, खालून उघडं असेल तर इंजिनाला वारा लागेल. प्रत्यक्षात उलटं आहे. पुढचा पत्रा आणि बंपरखालची पट्टी यांच्यामुळे धावत्या गाडीच्या पोटाखाली हवेचा दाब कमी होतो आणि बॉनेटमधली गरम हवा खाली ओढली जाते. तो पत्रा नसेल तर हवा खालूनच आत घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडवते.

चौथं, एक्झॉस्टचं कवच. चढावर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड काहीशे अंशांपर्यंत तापतो आणि आजूबाजूच्या वायरी, रबरी पाइप, बॅटरी यांना भाजत राहतो. मूळ कवच मिळालं नाही, म्हणून एका केरळी मेस्त्रीकडून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं करून घेतलं. त्याला मी सांगितलं, "भाई, घट्ट बसव." तो म्हणाला, "नहीं साब, बीच में हवा चाहिए." बरोबर होतं त्याचं. पत्रा आणि मॅनिफोल्डच्या मधे बोटभर मोकळी जागा हवीच, खरं काम ती जागा करते. मॅनिफोल्डला गुंडाळायची कापडी टेप मात्र मी टाळली. तिच्याखाली ओल धरून गंज चढतो, आणि तिच्यावर ऑइल गळलं तर आग लागायची भीती.

पाचवं, इंजिनाच्या नाकातली नळी. एअर फिल्टरला बाहेरची हवा पुरवणारा प्लास्टिकचा डक्ट गायब होता, त्यामुळे इंजिन बॉनेटमधलीच तापलेली हवा पीत होतं. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. म्हणून उन्हाळ्यात गाडी चढावर दमल्यासारखी वाटते. तो डक्टही जुन्या बाजारातच मिळाला.

शेवटी रेडिएटरचं झाकण आणि कूलंट. झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिटीच म्हणा. ते दाब धरतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांना न उकळता साधारण 120 पर्यंत तग धरतं. पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं असेल तर आणखी पुढे. माझ्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. आणि "इथे कुठे बर्फ पडतो, नुसतं पाणी घाल" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कूलंट गंजही थांबवतं. झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नका. अण्णांच्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे.

हिशेब सांगतो. पत्रा 8 रियाल, डक्ट 3, फोम 4, कवच 5, झाकण 2, कूलंट 6. एकूण 28 रियाल आणि दोन शुक्रवार.

आता जे केलं नाही त्याबद्दल. थर्मोस्टॅट काढला नाही. काही इंजिनांत तो काढला की पाणी रेडिएटर चुकवून बायपासनेच फिरतं, आणि एरवी इंजिन नको तेवढं थंड राहून पेट्रोल जास्त खातं. बॉनेटखाली वॉशर घातले नाहीत. उभ्या गाडीत मागच्या फटीतून गरम हवा निघते हे खरं, पण वेगात समोरच्या काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, तेव्हा हवा बाहेर यायच्या ऐवजी आत शिरते. शिवाय केबिनची हवा तिथूनच घेतली जाते, म्हणजे इंजिनाचा धूर आणि वास थेट मुलांच्या नाकात. आणि जाळी कापायची तर इथे पोलिसांच्या परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करता येत नाहीत. मुल्किया नूतनीकरणाला अडकलो असतो ते वेगळंच.

फरक पडला हे कसं कळलं? डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच मध्यावर स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं ओबीडीचं छोटं यंत्र घ्या, मोबाइलवर खरे आकडे दिसतात. कामाला हात लावण्याआधी मी एकटाच तो चढ चढून आलो होतो. तेव्हा कूलंट 108 पर्यंत गेलं होतं आणि सिग्नलला इंजिनात जाणारी हवा 72 अंश होती. सगळं बसवल्यावर ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, त्याच गर्दीत, एसी चालू ठेवून 97 आणि 57. अण्णांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. निवृत्त मेकॅनिककडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

ऑक्टोबरमध्ये आई-अण्णा मस्कतला आले. बायको म्हणाली, जबल अख्दरला जाऊ, पण अण्णा पुढे बसतील. बिरकत अल मौझच्या पुढे पोलिसांची चौकी आहे, फोर-व्हील असल्याशिवाय वर सोडत नाहीत. तिथून रस्ता सुमारे 2000 मीटर उंचीवरच्या सैक पठारापर्यंत चढत जातो. अण्णा डोंगर बघत नव्हते. त्यांचं लक्ष मोबाइलवरच्या आकड्याकडे आणि कान इंजिनाकडे. वर पोचल्यावर मी गाडी बंद करायला गेलो तर म्हणाले, "थांब, दोन मिनिटं चालू राहू दे. चढून आल्या आल्या बंद केलीस तर पाणी फिरायचं थांबतं आणि आतली धग आतच राहते."

मग बॉनेट उघडलं. सगळ्या पट्ट्यांवरून, कवचावरून नजर फिरवली. म्हणाले, "आमच्या गाडीला पसरणीच्या माथ्यावर दोन बादल्या लागायच्या." तोवर आई आणि मुलगी डाळिंबं विकत घ्यायला पुढे गेल्या होत्या.

गाडी अजून आहे. बायको अजूनही मधूनमधून विकायचं म्हणते, पण त्या चढावर आता ती एसीला हात लावून बघत नाही. तुमची गाडी जुनी असेल, मग ती आखातात असो की नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात, तर मे उजाडायच्या आत एकदा सकाळी लवकर बॉनेट उघडा. नवीन काय बसवायचं याचा विचार नंतर करा. आधी कंपनीने दिलेलं काय काय गायब आहे ते मोजा. आणि गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या ठेवा, एक आपल्यासाठी आणि एक रस्त्यात अडकलेल्या कोणासाठी तरी.