फटफटी आणि नडगीचे हाड

पूर्वी गावात एखाद्याच घरी फटफटी असे. आता दर दोन घरांआड एक उभी दिसते. डेअरीला दूध घालणे, खताची गोणी आणणे, बाजार करणे, सारे तिच्यावरच चालते. आम्ही गाडीवाले पारावर जमलो, की बोलणे निघते ते ॲव्हरेजचे. पडल्याचे मात्र कोणी धड सांगत नाही. लाज वाटते. पण खरे तर तेच सांगायला हवे. गाडी मोडली तर मेस्त्री ती आठ दिवसांत उभी करतो. माणसाच्या नडगीचे हाड मोडले तर चार महिने जातात. कधी त्याहून जास्तही.

आधी गाडीचे पाहू. चेनच्या डब्याला खाली एक रबरी बूच असते. ते काढा आणि बोटाने चेन वर-खाली करा. साधारण इंचभर हलली तर ठीक. फार सैल चेन चालत्या गाडीत उतरते आणि मागचे चाक जागीच अडकवते. फार ताणलेली चेन लवकर झिजते.

आता ब्रेक. आपल्यातले पुष्कळ जण फक्त पायाचा ब्रेक दाबतात. हाताचा दाबला तर गाडी उलटते, अशी भीती असते. बैलगाडी एकदम थांबली, की आतली माणसे पुढे झुकतात ना? तसेच इथे होते. ब्रेक लागताच सारा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक हलके होते आणि घसरते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र दाबावेत. हिसका न देता, दाब वाढवत न्यावा. चिखलात, खडीवर आणि वळणावर पुढचा ब्रेक जपून. पहिल्या पावसात तर फारच जपून. त्या दिवशी रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल मिळून साबण होतो.

ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे ३६ फूट जाते. रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली पुढे दिसली, तर ब्रेककडे हात जाईपर्यंतच एवढे अंतर संपते.

हेल्मेटची कथा जुनी आहे. इंग्लंडात १९३५ साली लॉरेन्स नावाचा एक गाजलेला लष्करी माणूस मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो वारला. त्याला पाहिलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे डॉक्टर होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलवाल्यांच्या अपघातांचा अभ्यास केला. हेल्मेटाने कवटी वाचते, हे त्यांनी १९४१ साली लिहून दाखवले. आपल्याकडे आयएसआय छाप पाहून हेल्मेट घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा लावला नाही तर पडताना हेल्मेटच आधी उडते. टाकीवर ठेवलेल्या हेल्मेटाने टाकी तेवढी वाचते!

एवढे करूनही कोणी पडलाच, तर त्याला हातपाय धरून उचलू नका. पाणी पाजू नका. वाकडा झालेला पाय ओढून सरळ करू नका. आहे तसाच दोन काठ्यांच्या मध्ये ठेवून सैलसर बांधा आणि १०८ ला फोन करा. ती गाडी पैसे घेत नाही. "पोलिसांचे लचांड मागे लागेल," म्हणून माणसे पुढे होत नाहीत. ही भीती सोडा. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, नावगाव सांगण्याची सक्ती करू नये, या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम आले.

आता हाडाचे. मोडल्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कुर्चा तयार होते. मग हळूहळू तिच्यात चुना भरतो आणि ती कठीण होते. हे काम शरीर आपणच करते. डॉक्टर फक्त दोन टोके जुळवून देतो आणि हलू देत नाही. पाय चोळला, की जुळत आलेले पुन्हा सुटते. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या तर रक्त थांबते. त्यात बोटे काळी पडून पाय कापावे लागले आहेत. प्लास्टर घातल्यावरही बोटे बधिर, गार किंवा निळी झाली, किंवा ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

अंथरुणावर पडलेला माणूस काय करतो? वेळ जात नाही म्हणून तंबाखू मळतो. भेटायला येणारेही तीच पुडी पुढे करतात. तंबाखूतले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते. रक्त कमी, तर हाडाला माल कमी. विडी ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते, कधी जुळतच नाही, हे डॉक्टरांनी पाहिले आहे. चघळायच्या तंबाखूतही तेच निकोटीन असते. भेटायला जाताना अंडी न्या, दूध न्या, मूठभर शेंगदाणे न्या. पुडी नको.

प्लास्टर निघाले, की पोटरी काठीसारखी बारीक दिसते. घाबरू नये. पडल्या पडल्या बोटे आणि मांडी हलवत राहिले, तर ती लवकर भरते. पण दुखत नाही म्हणजे हाड पक्के झाले, असे नव्हे. फोटो काढून डॉक्टर सांगतील तेव्हाच पायावर भार द्यावा.

गाडीवर बसण्याची घाई सर्वांनाच असते. दुधाचे रतीब कोणाला चुकले आहेत? तेवढे दिवस शेजारच्याने आपल्या किटलीबरोबर त्याची किटली न्यावी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून बसून पाहावे. उजवा पाय मोडला असेल, तर ब्रेक जोरात दाबता येतो का? डावा असेल, तर गिअर पडतो का? गाडी कलली तर पाय टेकून तोलता येते का? तिन्ही न दुखता जमले, तर मोकळ्या माळावर, मागे कोणाला न बसवता, चार फेऱ्या माराव्यात. किक मारू नये, बटणानेच चालू करावी. बटण नसेल, तर किक मारायला पोराला बोलवावे.