लॅपटॉपची परीक्षणे कशी वाचावीत?

शाळेसाठी लॅपटॉप घ्यायचा ठरला की चौकशीचे काम बहुधा विज्ञानाच्या किंवा गणिताच्या शिक्षकांकडे येते. पैसे माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी जमवलेले असतात. पन्नास-साठ हजारांच्या वर जाता येत नाही आणि घेतलेले यंत्र पाच-सहा वर्षे तरी चालवायचे असते. चित्रफिती दाखवणे, प्रयोगांचे चित्रण करून त्याची काटछाट करणे, मुलांची नाटुकली ध्वनिमुद्रित करणे अशी कामे त्याच्याकडून हवी असतात. म्हणून आपण चार परीक्षणे वाचतो. एक म्हणते बॅटरी उत्तम, दुसरे म्हणते जेमतेम. एकाला पडदा फिका वाटतो, दुसऱ्याला ठीक. मग परीक्षणांवरचा विश्वासच उडतो आणि दुकानदार सांगेल ते घरी येते.

खरे तर परीक्षण म्हणजे एक प्रकारचे मोजमापच. प्रयोगशाळेत दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत, तर आपण मुलांना विचारतो : काय मोजले, कोणत्या परिस्थितीत मोजले आणि कोणत्या एककात मोजले? हेच प्रश्न परीक्षणांना विचारले तर त्यांच्यातले बरेचसे मतभेद मिटतात. जे उरतात तेही उपयोगाचे असतात. कसे, ते पाहू या.

वस्तू एकच आहे का?

१९९१ मध्ये काही कंपन्यांनी मिळून ‘मल्टिमीडिया संगणक’ या नावाला ठरावीक अर्थ दिला होता. अशा संगणकात निदान २ मेगाबाइट मेमरी, ध्वनीचे कार्ड आणि सीडी वाचण्याची सोय असलीच पाहिजे, असा तो दंडक होता. आता चित्र आणि ध्वनी तर प्रत्येकच लॅपटॉपवर चालतात. त्यामुळे ‘मल्टिमीडिया’ हा शब्द खोक्यावर दिसला, तरी आतल्या यंत्राबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही.

कंपनीने दिलेले नावही पुरेसे नसते. २०२१ च्या सुमारास एसर कंपनीच्या ‘ॲस्पायर ५’ या एकाच नावाने ए५१५-५६ आणि ए५१५-४५ असे लॅपटॉप विकले जात होते. पहिल्यात इंटेलचा प्रोसेसर होता, तर दुसऱ्यात एएमडीचा. एकाचे परीक्षण वाचून दुसरा घेणे म्हणजे एका औषधाची माहिती वाचून दुसरेच घेण्यासारखे आहे.

प्रोसेसरच्या नावातही अशीच गंमत असते. इंटेलच्या बाराव्या पिढीत १२३५यू, १२४०पी आणि १२४५०एच हे तिन्ही ‘कोअर आय-५’च आहेत. पण त्यांची मूळ शक्ती अनुक्रमे १५, २८ आणि ४५ वॅट धरलेली आहे. जास्त वॅटचा प्रोसेसर जड काम झपाट्याने करील, पण तापेलही जास्त आणि त्याला मोठा पंखा लागेल.

मेमरीचेही तसेच. १६ गिगाबाइटची एकच पट्टी आणि ८-८ च्या दोन पट्ट्या यांची बेरीज सारखी असते. पण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळते. मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळी मेमरी सहसा नसते, तेथे हा फरक जाणवतो. म्हणून परीक्षण वाचताना पूर्ण मॉडेल क्रमांक, प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि मेमरीची मांडणी या तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात.

परिस्थिती कोणती होती?

आता बॅटरीकडे वळू. बॅटरीत साठलेली ऊर्जा वॅट-तासांत सांगतात. तिला सरासरी शक्तीने भागले की यंत्र किती तास चालेल ते मिळते. समजा, बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. एका परीक्षकाने पडद्याचा उजळपणा कमी ठेवून फक्त मजकुराची पाने चाळली. त्या वेळी यंत्राने सरासरी ६ वॅट शक्ती घेतली. भागाकार आला ८ तास २० मिनिटे. दुसऱ्याने पडदा पूर्ण उजळ केला, आवाज वाढवला आणि चित्रफिती चालवल्या. सरासरी गेली १२.५ वॅटवर आणि बॅटरी ४ तासांत संपली. दोघेही खरेच बोलत आहेत. आपल्या वर्गातली परिस्थिती कोणाच्या जवळची आहे, एवढेच आपण ठरवायचे.

हेच गणित उलटेही करता येते. कंपनी म्हणते, ‘१२ तास चालेल.’ ५० ला १२ ने भागा. सरासरी सुमारे ४.२ वॅट येते. एवढ्या थोड्या शक्तीत पडदा किती उजळ राहील आणि प्रोसेसर किती काम करील, याचा अंदाज आपला आपण करावा. शिवाय वापराने बॅटरीची क्षमता घटत जाते. ती मूळच्या ८० टक्क्यांवर आली की वरचे ४ तास ३ तास १२ मिनिटे होतात.

वेगाच्या चाचणीतही वेळ महत्त्वाची असते. जड काम सुरू झाले की प्रोसेसर काही काळ जास्त शक्ती घेतो. यंत्र तापू लागले की ती कमी करतो. अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत पहिला आलेला लॅपटॉप वीस मिनिटांच्या चित्रफितीचे काम करताना मागे पडू शकतो. शंभर मीटर शर्यतीचा विजेता दहा किलोमीटरमध्ये पहिला येईलच असे नाही. म्हणून जे परीक्षण सलग दहा-पंधरा मिनिटे काम देऊन वेग, तापमान आणि पंख्याचा आवाज नोंदवते, ते आपल्याला अधिक कामाचे.

एकक कोणते?

पडद्याच्या रंगांबद्दल एक परीक्षण ४५ टक्के म्हणते, दुसरे ६२ टक्के. फरक मोठा वाटतो, पण पडदा एकच असू शकतो. पहिल्याने १९५३ च्या एनटीएससी या दूरचित्रवाणीच्या मानकाशी तुलना केलेली असते, दुसऱ्याने १९९६ मध्ये संगणकासाठी सुचवलेल्या एसआरजीबी या मानकाशी. एसआरजीबीचे रंगक्षेत्र एनटीएससीच्या सुमारे ७२ टक्के आहे. म्हणजे ४५ भागिले ७२, साधारण ६२ टक्के. छेद वेगळा असला की अपूर्णांकांची थेट तुलना करू नये, हा प्राथमिक शाळेतलाच धडा. अशा पडद्यावर फुलांचे, खनिजांचे रंग फिके दिसतात. चित्रे दाखवायची असतील तर एसआरजीबीच्या १०० टक्क्यांजवळचा पडदा शोधावा.

साठवणीचा घोळही असाच. ५१२ गिगाबाइटची डिस्क घेतली आणि विंडोजमध्ये ४७६ दिसले, म्हणून फसवणूक झाली असे नव्हे. विकणारा गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०२४ चा घन, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइट. भागाकार मुलांकडून करून घ्यावा.

परीक्षक कोण?

नमुना कोठून आला हेही पाहावे. कंपनीने परीक्षणासाठी पाठवलेला लॅपटॉप निवडलेला असू शकतो. अमेरिकेतील १९३६ पासूनची ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ आणि जर्मनीतील १९६४ साली स्थापन झालेली ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ या संस्था म्हणूनच वस्तू बाजारातून विकत घेऊन तपासतात. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९०००:२०२२ हे भारतीय मानक आले. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवले होते. जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करायचा असतो. तो सांगितला आहे का, हे जरूर पाहावे.

ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांच्या सरासरीवर मात्र विसंबू नये. खूप खूश झालेले आणि खूप चिडलेले लोक लिहितात, मधले बहुधा गप्प बसतात. पुष्कळ पाच तारे आणि थोडे एक तारे मिळून झालेली सरासरी कोणाच्याच अनुभवाशी जुळत नाही. त्यापेक्षा तक्रारी वाचाव्यात. बिजागरी सैल होते, असे दहा जणांनी स्वतंत्रपणे लिहिले असेल, तर ती नोंद मोलाची.

शेवटचा गुणाकार आपला

परीक्षणाच्या शेवटी दिलेले एकूण गुण भारित सरासरीने काढलेले असतात. समजा, ‘क’ लॅपटॉपला वेग, पडदा, बॅटरी आणि ध्वनी यांत दहापैकी ९, ६, ६, ५ गुण आहेत, आणि ‘ख’ला ६, ८, ८, ७. परीक्षकाने या चार गोष्टींना ५०, २०, २०, १० टक्के महत्त्व दिले, तर ‘क’ला ७.४ आणि ‘ख’ला ६.९ गुण मिळतात. शाळेच्या गरजेप्रमाणे तेच महत्त्व २०, ३०, ३०, २० टक्के धरले, तर ‘क’ला ६.४ आणि ‘ख’ला ७.४ मिळतात. एकही मोजमाप न बदलता क्रम उलटला. म्हणून परीक्षकाची मोजमापे घ्यावीत, निकाल आपला आपण काढावा. आणि महत्त्वाचे आकडे परीक्षणे वाचण्याआधीच ठरवावेत, नाहीतर आवडलेल्या यंत्राला जिंकवण्यासाठी ते नकळत बदलले जातात.

नववी-दहावीच्या मुलांना हा उपक्रम देता येईल. एकाच मॉडेलची तीन परीक्षणे घेऊन तक्ता करावा. स्तंभ असे : मॉडेल, परिस्थिती, एकक, आकडा. जेथे आकडे जुळत नाहीत तेथे कारण शोधावे. शाळेत जुना लॅपटॉप असेल, तर तीच चित्रफीत अर्धा तास पूर्ण उजळ पडद्यावर आणि अर्धा तास निम्म्या उजळ पडद्यावर चालवून बॅटरी किती टक्के उतरली ते नोंदवावे. दोन्ही वेळा सुरुवातीचे टक्के सारखे असावेत. हा तक्ता खरेदीच्या कागदांसोबत जपून ठेवावा. वर्षभराने स्वतःचे अनुभव त्याच्या शेजारी लिहिले, तर पुढची खरेदी करणाऱ्या शिक्षकांना आपल्याच शाळेचे परीक्षण हाताशी मिळेल.