अस्तरावरची पुसट सीमा

अन्ननलिकेचा आणि जठराचा कर्करोग आतल्या अस्तराच्या सर्वांत वरच्या थरात सुरू होतो. तेव्हा गाठ नसते, वेदना नसते, घासही अडकत नाही. घास अडकू लागतो, वजन उतरू लागते, तोवर रोग बहुधा स्नायूंच्या थरापर्यंत उतरलेला असतो. जठराच्या बाबतीत ‘सुरुवातीचा कर्करोग’ कशाला म्हणायचे हे जपानमधील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने 1962 साली ठरवले: जो अस्तर आणि त्याखालचा सैल थर, म्हणजे सबम्युकोसा, यांच्या पुढे गेलेला नाही तो. ही व्याख्या फक्त खोलीवर आधारलेली आहे. त्यामुळे सुरुवातीचा कर्करोग दोन-तीन सेंटिमीटर पसरलेलाही असू शकतो, आणि तरीही एंडोस्कोपीत दुर्बिणीतून पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटू शकतो.

तो सुटतो, कारण नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात त्याची खूण फार सौम्य असते. आसपासच्या अस्तरापेक्षा किंचित लालसर किंवा किंचित फिकट असा तुकडा, जरासा खोलगट पृष्ठभाग, एका जागी थांबलेली रक्तवाहिन्यांची नक्षी, टोक टेकताच पाझरलेले थोडे रक्त. जठराला दीर्घकाळची सूज असेल तर असे तुकडे डझनावारी दिसतात आणि त्यांतले जवळपास सगळे निरुपद्रवी असतात. पूर्वी झालेल्या अभ्यासांची 2014 साली एकत्र छाननी झाली. तिच्यात असे दिसले की पचनमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाच्या सुमारे 11 टक्के रुग्णांची निदानापूर्वीच्या तीन वर्षांत एंडोस्कोपी झालेली होती आणि तीत रोग ओळखला गेला नव्हता. प्रकाशाचे आणि रंगांचे स्वरूप बदलून चित्र अधिक बोलके करण्याचे तंत्र, म्हणजेच प्रतिमावर्धित एंडोस्कोपी, ही उणीव भरून काढण्यासाठी आले.

मात्र या तपासणीचा पहिला टप्पा प्रकाशाचा नसून धुण्याचा आहे. जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्मा असतो, लाळेचा फेस असतो. नुसत्या उपाशी पोटाने ते जात नाहीत. म्हणून तपासणीच्या वीस-तीस मिनिटे आधी रुग्णाला पाण्यात मिसळलेले औषध पाजतात. त्यातील सिमेथिकोन फेस मोडते आणि प्रोनेज किंवा एन-ॲसिटाइलसिस्टीन श्लेष्मा सैल करते. घशाला बधिर करणारा फवारा मारतात, गरजेनुसार गुंगीचे इंजेक्शन देतात. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवतात. जठराच्या लाटा थांबवण्यासाठी आकुंचनरोधक औषधही देता येते, कारण हलणाऱ्या भिंतीवरची मिलिमीटरभर खूण टिपणे कठीण. एवढे करूनही काही श्लेष्मा उरतोच. तो दुर्बिणीतून पाण्याची धार सोडून हळूहळू धुवावा लागतो. धार जोरात मारली तर नाजूक जागेतून रक्त येते आणि पाहायचे तेच झाकले जाते. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढची सगळी तंत्रे त्यावरच उभी आहेत. मळलेल्या अस्तरावर सर्वांत महागडी दुर्बीणसुद्धा मळच मोठा करून दाखवते.

प्रकाशाच्या तंत्रांपैकी सर्वांत रुळलेले नॅरो बँड इमेजिंग, डॉक्टरांच्या बोलण्यातले एनबीआय. ऑलिम्पस कंपनीचे अभियंता काझुहिरो गोनो आणि तोक्योजवळच्या काशिवा येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या पूर्व रुग्णालयातील डॉक्टर यांनी ते मिळून विकसित केले आणि 2005 च्या अखेरीस ते बाजारात आले. पांढऱ्या प्रकाशातून 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचे दोनच अरुंद पट्टे वेगळे काढायचे, हे त्याचे तत्त्व. रक्तातील हिमोग्लोबिन नेमका याच तरंगलांबींचा प्रकाश जोरात शोषते. 415 चा निळा प्रकाश फार आत जात नाही, त्यामुळे तो पृष्ठभागालगतच्या केशवाहिन्या दाखवतो. 540 चा हिरवा प्रकाश थोडा खोल जातो आणि तिथल्या जाडसर वाहिन्या दाखवतो. पडद्यावर वरच्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात आणि खालच्या शिरा निळसर-हिरव्या. हे शरीराचे खरे रंग नव्हेत, प्रोसेसरने वाटून दिलेले रंग आहेत. कर्करोगाच्या पेशी स्वतःपुरती वेगळी, वेडीवाकडी रक्तवाहिन्यांची रचना वाढवतात. तीच या प्रकाशात उठून दिसते. फुजीफिल्मचे ब्लू लेझर इमेजिंग 410 आणि 450 नॅनोमीटरच्या लेझरवर चालते. पेंटॅक्सच्या आय-स्कॅनमध्ये मिळालेल्या चित्रावर संगणकाने प्रक्रिया करतात.

या तंत्राचा सर्वांत स्पष्ट लाभ अन्ननलिकेत दिसतो. अन्ननलिका ही अरुंद नळी असल्याने प्रकाश कमी पडत नाही आणि तिचे निरोगी अस्तर एनबीआयमध्ये फिकट, एकसारखे दिसते. त्यावर कर्करोगाचा तुकडा तपकिरी डागासारखा दुरूनही ओळखू येतो. जपानमधील 320 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. अन्ननलिकेतील उथळ कर्करोगांपैकी 97 टक्के एनबीआयने दाखवले, पांढऱ्या प्रकाशाने 55 टक्के. घसा आणि त्याच्या आसपासच्या भागात हा फरक 100 आणि 8 टक्के इतका होता. घशाकडे दुर्बीण आत सरकवतानाच पाहावे लागते. रुग्णाला उबळ येते, वेळ थोडा मिळतो, आणि घाईत हा भाग अनेकदा न पाहताच ओलांडला जातो. ही सवय मोडण्यासारखी आहे.

तपकिरी डाग दिसला म्हणजे निदान झाले असे नाही. सुजेमुळेही डाग दिसतो. तेव्हा विवर्धन, म्हणजे झूम, वापरतात. दुर्बिणीच्या टोकाला मऊ काळी टोपी बसवलेली असते. ती अस्तराला हलकेच टेकवली की अंतर स्थिर राहते आणि चित्र ऐंशी-शंभर पटींनी मोठे करता येते. निरोगी अन्ननलिकेत वरच्या थरात शिरणाऱ्या केशवाहिन्यांचे बारीक वळसे ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात. कर्करोगात हे वळसे फुगतात, नागमोडी होतात, त्यांची जाडी जागोजागी बदलते आणि शेजारच्या दोन वळशांचे आकारही जुळत नाहीत. जपानी डॉक्टर हारुहिरो इनोउए यांनी या वळशांचे वर्गीकरण मांडले. पुढे जपानी अन्ननलिका संस्थेने ते सोपे केले. ए प्रकार निरुपद्रवी बदलाकडे बोट दाखवतो. बी-1 मध्ये बिघडलेले, पण वळशाचा आकार टिकवून असलेले धागे असतात. बी-2 मध्ये वळसाच नाहीसा होतो, आणि बी-3 मध्ये धागे फारच जाड होतात. या क्रमाने रोगाची खोली वाढत जाते, आणि खोलीबरोबर लसीका ग्रंथींत रोग पोचण्याचा धोकाही. छातीची मोठी शस्त्रक्रिया लागेल की दुर्बिणीतूनच काम भागेल, याचा अंदाज इथे काही शतांश मिलिमीटर जाडीच्या वाहिन्यांवरून बांधला जातो.

शंका उरली, किंवा डागाच्या कडा नेमक्या हव्या असल्या, तर आयोडीन फवारण्याची पद्धत आजही मोलाची आहे. निरोगी अस्तरातील ग्लायकोजेन आयोडीन घेऊन गडद तपकिरी होते. कर्करोगाच्या पेशींत ग्लायकोजेन फारसे नसल्याने तो भाग पांढुरका राहतो आणि दोन-तीन मिनिटांत गुलाबी होतो. हा गुलाबीपणा रोगाची प्रबळ खूण मानतात. पण आयोडीन छातीत जळजळ उठवते, काहींना त्याची ॲलर्जीही असते. म्हणून ते सरसकट वापरत नाहीत आणि वापरल्यावर सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करतात.

महाराष्ट्राशी या तपासणीचा थेट संबंध तोंडाच्या कर्करोगातून येतो. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री, बिडी आणि दारू यांचा मारा एकट्या गालावर किंवा जिभेवर होत नाही. घसा आणि अन्ननलिका यांच्या अस्तरावरही होतो. त्यामुळे तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाच्या रुग्णात अन्ननलिकेत दुसरा, स्वतंत्र कर्करोग असण्याची शक्यता इतरांहून जास्त असते. अशा रुग्णाची अन्ननलिका एनबीआयखाली एकदा नीट पाहून घेणे हा या तंत्राचा आपल्याकडचा कदाचित सर्वांत फलदायी उपयोग ठरावा.

जठरात मात्र चित्र वेगळे आहे. तिथली पोकळी मोठी असते आणि एनबीआयचा प्रकाश दूरच्या भिंतीपर्यंत मंद पडतो. जपानमधील 4500 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत दुसऱ्या पिढीच्या, अधिक उजळ एनबीआयने पांढऱ्या प्रकाशापेक्षा जठराचे कर्करोग लक्षणीय प्रमाणात जास्त शोधले नाहीत. म्हणून जठरात आधी पांढऱ्या प्रकाशातच, ठरलेल्या क्रमाने प्रत्येक भाग पाहायचा असतो. जपानी डॉक्टर केन्शी याओ यांच्या पद्धतीत 22 ठरलेली छायाचित्रे घेतात. दुर्बिणीचे टोक उलटे वळवून जठराचे प्रवेशद्वार आणि वरचा भाग पाहिला जातो आणि हवा भरून घड्या उलगडल्या जातात. मागची भिंत सहज नजरेआड जाते. सिंगापूरच्या एका अभ्यासात सरासरी सात मिनिटांहून अधिक वेळ देणाऱ्या डॉक्टरांना धोक्याचे बदल जास्त सापडले, त्यात नवल नाही. पुढच्या काळात लाल-फिकट रंगांतला फरक वाढवणारे लिंक्ड कलर इमेजिंग आले. ते उजळ असल्याने दुरून शोधण्याच्या कामाचे आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत त्याने पांढऱ्या प्रकाशापेक्षा जास्त रुग्णांत वाढी शोधल्या.

संशयाची जागा सापडली की झूमसह एनबीआय जठरातही आपले बळ दाखवते. निरोगी जठराच्या मधल्या भागात गोल छिद्रांभोवती केशवाहिन्यांची पोळ्यासारखी नियमित जाळी दिसते. डॉक्टर दोन गोष्टी तपासतात. तुकड्याला आसपासच्या अस्तरापासून तोडणारी स्पष्ट सीमा आहे का, आणि तिच्या आत वाहिन्यांची किंवा पृष्ठभागाची नक्षी अनियमित आहे का? सीमाच नसेल तर बहुतेक वेळा कर्करोग नाही. सीमा आहे आणि आत अनियमितता आहे, तर कर्करोग समजावा. एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान खोलगट तुकड्यांवर झालेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पांढऱ्या प्रकाशाची अचूकता सुमारे 65 टक्के होती, विवर्धित एनबीआयची 90 टक्के, आणि पांढऱ्या प्रकाशानंतर एनबीआय वापरल्यास सुमारे 97 टक्के.

या नियमालाही मर्यादा आहेत. विखुरलेल्या पेशींचा, वेगाने बिघडणारा कर्करोग वरच्या थराखालून सरकतो. वरचे अस्तर शाबूत दिसते आणि सीमा उमटतच नाही. तिथे फिकटपणावर भर द्यावा लागतो आणि कडेच्या चारही बाजूंनी बायॉप्सी घ्यावी लागते. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवर उपचार झाल्यानंतर उमटणाऱ्या कर्करोगावर कधी कधी निरोगी दिसणाऱ्या पेशींचा पातळ थर चढतो आणि रोग साध्या सुजेसारखा भासतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने बदललेल्या, बॅरेट नावाच्या अस्तरावर सौम्य ॲसिटिक ॲसिड शिंपडून नक्षी उठावदार करतात. पाश्चात्त्य देशांत अशा अस्तराच्या तपासणीचे महत्त्व अधिक आहे.

निदानाचा शेवटचा शब्द बायॉप्सीचा. संशयित जागा अचूक कळल्याने एक-दोन नेमके तुकडे पुरतात आणि अस्तर उगाच जखमी होत नाही. रोग उथळ असेल तर तो दुर्बिणीतूनच अखंड सोलून काढतात, या पद्धतीला ईएसडी म्हणतात. झूममध्ये पाहिलेल्या सीमेच्या थोडे बाहेर विजेने बारीक खुणा करतात, खाली द्रव भरून तुकडा उचलतात आणि सबम्युकोसातून कापतात. काढलेला तुकडा ताणून, टाचण्यांनी पाटीवर लावून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या करून विकृतिशास्त्रज्ञ खोली आणि कडा तपासतो आणि दुर्बिणीच्या चित्राशी ताडून पाहतो. कडा मोकळ्या असतील आणि खोली मर्यादेत असेल तर मोठी शस्त्रक्रिया टळते. जठर तेच राहिल्याने त्यात नवा कर्करोग होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाची तपासणी नियमितपणे, बहुधा दर वर्षी, पुन्हा याच क्रमाने करतात.